वृद्धापकाळातील मधुमेह : साखर घटण्याचा धोकाही ओळखा

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढणे, एवढेच सामान्यतः लक्षात ठेवले जाते. पासष्टी उलटलेल्या रुग्णांच्या बाबतीत मात्र साखर एकाएकी घटणे हा अधिक तातडीचा धोका ठरू शकतो.

लक्षणे : अतितहान व वारंवार लघवी ही मधुमेहाची परिचित लक्षणे होत. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे ती ठळकपणे दिसतीलच असे नाही. थकवा, घटणारे वजन, न भरणारी जखम यांकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष होते. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी ‘एचबीए१सी’ ६.५ टक्के वा त्याहून अधिक असल्यास, फेरतपासणीनंतर मधुमेहाचे निदान केले जाते.

साखर का घटते? : वयोमानानुसार मूत्रपिंडांचे कार्य मंदावते आणि काही औषधांचा प्रभाव शरीरात अधिक काळ टिकतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळले, की साखर ७० मिलिग्रॅमखाली जाऊ शकते. एकादशी-चतुर्थीचे उपवास करणाऱ्या ज्येष्ठांनी म्हणूनच औषधांच्या मात्रेबाबत डॉक्टरांशी आधीच बोलावे.

अशा वेळी घाम येतो, हातपाय थरथरतात. वृद्धांमध्ये मात्र असंबद्ध बोलणे, चिडचिड, तोल जाणे एवढेच दिसू शकते. घरच्यांना तो विसरभोळेपणा वाटतो. त्यातच पडून खुब्याचे हाड मोडले, तर रुग्ण अंथरुणाला खिळण्याची भीती असते.

तातडीचा उपाय : रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन-चार चहाचे चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्धावस्थेत तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

उद्दिष्ट किती? : प्रकृती उत्तम असलेल्या ज्येष्ठांसाठी ‘एचबीए१सी’ सात ते साडेसात टक्क्यांखाली, तर अनेक व्याधी असलेल्यांसाठी आठ टक्क्यांखाली पुरेसे मानले जाते. शेजाऱ्याच्या अहवालाशी तुलना करून स्वतःच गोळी वाढविणे घातक ठरते. मनानेच औषध बंद करणेही तितकेच अयोग्य.

तळपायांची रोज पाहणी, वर्षातून एकदा डोळे व मूत्रपिंडांची तपासणी आणि वेळेवर जेवण ही पथ्ये सर्वांनाच लागू आहेत. आजी-आजोबांनी गोळी घेतली का, हे विचारताना ते जेवले का, हेही घरच्यांनी विचारायला हवे.