गरम पाणी आधी गोठतं का?

दोन सारखे पेले घ्या. एकात गरम पाणी, दुसऱ्यात तेवढंच साधं पाणी. दोन्ही फ्रीझरमध्ये ठेवा. आधी बर्फ कशाचा होईल? ‘साध्या पाण्याचा, त्यात काय विचारायचं!’ असंच तुम्ही म्हणाल.

१९६३ साली, आज टांझानिया म्हणतात त्या देशात, एरास्टो म्पेम्बा हा विद्यार्थी शाळेत आइस्क्रीम करत होता. उकळलेलं दूध गार करून मगच फ्रिजमध्ये ठेवायचं, अशी पद्धत. पण फ्रिजमधली जागा भरत चालली, म्हणून त्याने गरम दूधच आत सरकवलं. दीड तासाने पाहतो तर त्याचं दूध गोठलेलं, आणि न उकळता ठेवलेलं मित्राचं दूध अजून पातळच! शिक्षक म्हणाले, तुझा गोंधळ झालाय. पुढच्या शाळेत तर या प्रश्नावरून त्याची थट्टाच झाली.

मग दार-एस-सलामहून डेनिस ऑस्बोर्न हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक शाळेत आले. म्पेम्बाने त्यांनाही विचारलं: ३५ अंशांचं आणि १०० अंशांचं पाणी एकदम ठेवलं तर १०० वालं आधी का गोठतं? मुलं हसली. ऑस्बोर्न यांनाही ते पटलं नव्हतं, पण परत गेल्यावर त्यांनी प्रयोग करून घेतला. १९६९ मध्ये दोघांचा लेख ‘फिजिक्स एज्युकेशन’ या नियतकालिकात आला.

गोष्ट इथेच थांबवली तर छान प्रेरणादायी होते. पण आपल्याला संशोधन करायचंय, म्हणून पुढचंही बघा. २०१६ मध्ये बरिज आणि लिंडन यांनी काळजीपूर्वक मोजमापं केली. गरम पाणी ० अंशापर्यंत लवकर पोचतं, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट तापमापक साधारण एक सेंटिमीटर वर-खाली झाला तरी निष्कर्ष बदलू शकतो, असं दिसलं. कारण एकाच पेल्यात वरचं आणि खालचं तापमान सारखं नसतं.

आणखी एक अडचण आहे. ‘गोठणं’ म्हणजे नक्की काय? ० अंश गाठणं, बर्फाचा पहिला कण दिसणं, की सगळं पाणी घट्ट होणं? व्याख्या बदलली की उत्तरही बदलू शकतं. म्हणूनच हा वाद अजून मिटलेला नाही.

मुलांकडून हा प्रयोग करून घेणार असाल तर पेले सारखे घ्या, पाणी मोजून घ्या, तापमापक एकाच खोलीवर ठेवा, आणि ‘गोठलं’ कधी म्हणायचं ते आधीच वहीत लिहून ठेवा. मग उत्तर काहीही येवो, ते खोडू नका. पुन्हा करून बघा.