खांद्यावरचा डाग सांगतो, बंदूक धरण्यात चूक कुठे होतेय

बारा बोअरच्या बंदुकीचा बार काढला की खांद्याला दणका बसणारच. पण चार-पाच बारांत खांदा काळानिळा पडत असेल, तर दोष बहुतेक वेळा दस्त्याच्या मापात किंवा बंदूक धरण्यात असतो. सिंधुदुर्ग, गोवा, खानापूर भागात शेतराखणीसाठी परवान्याच्या बंदुका आहेत. वडील-आजोबांकडून आलेली बंदूक असेल, तर त्यांच्या अंगाला बसणारा दस्ता पुढच्या पिढीला बसेलच असं नाही.

दणका किती असतो?
२८ ग्रॅम छर्रे सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटले, तर ३ किलोची बंदूक सेकंदाला साधारण ४ मीटर वेगाने मागे येते. बंदूक हलकी किंवा काडतूस जड असेल, तर दणका वाढतो. दिवसभर बार काढावे लागणाऱ्या ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीट प्रकारांत म्हणूनच २४ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस चालतं.

डाग कुठे, चूक काय?
दंडावर : दस्ता खांद्याबाहेर सरकलाय. बहुधा तो लांब आहे आणि कपड्यात अडकतोय. थंडीत जाड स्वेटर घातला तरी हेच होतं.
हासळीच्या हाडावर : दस्ता फार आत किंवा फार वर टेकलाय.
गालावर : गाल दस्त्यावर नीट टेकलेला नाही, किंवा दस्त्याचा वरचा काठ उंच आहे. उजव्या हाताच्या माणसासाठी वळवलेला दस्ता डावखुऱ्याच्या गालाला लागतो.
मधल्या बोटावर : मूठ सैल असल्याने चापाची कडी बोटावर आदळते.
नाकाला अंगठा लागणे : दस्ता आखूड आहे.

माप कसं बघायचं?
चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मध्यम बांध्याच्या माणसाला साधारण १४ ते १४.५ इंच लागतं. बंदूक खांद्याला लावल्यावर नाक आणि अंगठा यांत दोन-तीन बोटं जागा राहिली, तर लांबी ठीक समजावी. मागे रबरी पॅड बसवला तर लांबी वाढते, हे विसरू नये.

धरायची कशी?
उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवून गुडघा किंचित वाकवावा आणि वजन पुढच्या पायावर घ्यावं. मान खाली न घालता बंदूक आधी गालाला आणावी, मग दस्ता हासळी आणि खांद्याच्या सांध्यामधल्या मांसल खोबणीत घट्ट टेकवावा. दणक्याच्या भीतीने दस्ता खांद्यापासून दूर धरला, तर तो बुक्कीसारखा आदळतो. सराव रिकाम्या बंदुकीने करावा. आधी बंदूक उघडून नळ्या आणि काडतुसाचं घर डोळ्यांनी तपासावं आणि नळी कधीही माणसाकडे वळवू नये.

हे दुर्लक्षून का चालत नाही?
दणक्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, अंग आखडतं आणि नळी भलतीकडे जाते. वस्तीजवळच्या शेतात असा हुकलेला बार कुणाच्याही जिवावर बेतू शकतो.

दस्ता कापणं, पॅड बसवणं ही कामं परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावीत. वजन कमी करायला नळी मात्र कापू नये. परवान्याविना नळी आखूड करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. जुन्या बंदुकीचं काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं असेल, तर त्यात ७० चं काडतूस घालू नये. दाब वाढून धोका होतो. हाताला मुंग्या येत असतील किंवा खांदा वर उचलत नसेल, तर तेल चोळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावं.