सिलिकॉनमधील क्युबिट : स्थैर्याच्या शोधाचा इतिहास

विज्ञानाच्या इतिहासात नव्या शोधांची नोंद होते. मिळालेले टिकवण्यासाठी झालेल्या खटपटी मात्र सहसा अंधारातच राहतात. सिलिकॉनमधील स्पिन-क्युबिटचा इतिहास हा अशाच खटपटींचा इतिहास आहे.

इलेक्ट्रॉनला 'स्पिन' हा अंगभूत गुण आहे, असे उलेनबेक आणि गौडस्मिट या तरुण डच शास्त्रज्ञांनी १९२५ साली सुचवले. या गुणामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. मोजले असता त्याचे स्पिन 'वर' किंवा 'खाली' असेच आढळते; मोजण्यापूर्वी मात्र दोन्ही अवस्था एकत्र नांदू शकतात. या नांदण्यावरच क्वांटम संगणकाची सारी भिस्त आहे. १९९८ साली लॉस व डिव्हिन्चेंझो यांनी इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर, तर ब्रूस केन यांनी सिलिकॉनमध्ये रोवलेल्या फॉस्फरसच्या अणुकेंद्रकांवर असा संगणक उभारण्याची कल्पना मांडली.

अडचण होती ती शेजाऱ्यांची. आरंभीचे अनेक प्रयोग गॅलियम आर्सेनाइडमध्ये झाले. तेथील प्रत्येक अणुकेंद्रकाला स्वतःचे स्पिन असते. त्या असंख्य चुंबकांच्या कोलाहलात क्युबिटची अवस्था काही नॅनोसेकंदांतच विस्कटून जाई. एर्विन हान यांनी १९५० साली शोधलेली 'स्पिन-प्रतिध्वनी'ची युक्ती, म्हणजे नेमक्या क्षणी स्पंद देऊन पांगलेली लय पुन्हा जुळवणे, उपयोगी पडली. तरी २००५ मध्ये हार्वर्ड येथे ही मुदत सुमारे एक मायक्रोसेकंदापर्यंतच वाढली.

सिलिकॉनचे तसे नाही. निसर्गात त्याचे सुमारे ९२ टक्के अणू सिलिकॉन-२८चे असतात आणि त्यांच्या केंद्रकाला स्पिनच नसते. उपद्रव होतो तो ४.७ टक्के सिलिकॉन-२९चा. किलोग्रॅमच्या नव्या व्याख्येसाठी अतिशुद्ध सिलिकॉन-२८ घडवण्यात आले होते; वजनमापासाठी सिद्ध केलेले तेच द्रव्य २०१२ मध्ये क्वांटम स्मृतीच्या प्रयोगांतही कामी आले. त्याच वर्षी सिडनी येथील संशोधकांनी नैसर्गिक सिलिकॉनमधील एकाच इलेक्ट्रॉनची अवस्था प्रतिध्वनीच्या साहाय्याने सुमारे २०० मायक्रोसेकंद टिकवली. २०१४ मध्ये शुद्ध केलेल्या सिलिकॉनात, स्पंदांची मालिका वापरून, त्यांनी ती अर्ध्या सेकंदाहून अधिक, तर फॉस्फरसच्या केंद्रकाची अवस्था तीस सेकंदांहून अधिक काळ सांभाळली.

या काळाचे मोल अचूकतेत आहे. २०२२ मध्ये तीन गटांनी सिलिकॉनमधील दोन क्युबिटांची क्रिया ९९ टक्क्यांहून अधिक अचूक करून दाखवली. चुका दुरुस्त करणारा संगणक उभारण्याची आशा अशा अचूकतेवरच अवलंबून आहे. अणुकेंद्रकांचा कोलाहल शमला, तरी विद्युतभारांची चुळबूळ अद्याप उरली आहे. इलेक्ट्रॉन होता तसाच राहिला. त्याचे घर शांत करण्यात मात्र दोन दशके गेली, आणि ते काम अजून चालू आहे.