जनमताचा कौल व त्यापासून घ्यावयाचा बोध

आज जें मत थोडक्यांचें, तेंच उद्यां पुष्कळांचें होतें. हा पालट घडतांना माणसें कशीं वागतात, हें पाहण्यास आम्हांस दूर जावयास नको. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, जेथें आमच्यांतील अनेक कुटुंबांचें मूळ आहे, तेथेंच त्याचें उत्तम उदाहरण घडलें आहे.

सन १९६१ च्या डिसेंबरांत गोमंतकांतील पोर्तुगीज राजवट संपली. सन १९६३ च्या निवडणुकींत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १६ व युनायटेड गोवन्स पक्षास १२ जागा मिळाल्या, आणि श्री. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रांत विलीन व्हावें, हें त्यांच्या पक्षाचें ब्रीद. तेव्हां प्रश्न आतां सुटलाच, असें पुष्कळांस वाटलें. परंतु हा निर्णय विधानसभेनें न करितां खुद्द जनतेनें करावा, असा आग्रह अल्पमतानें धरिला व तो मान्य झाला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झालें. ता. १६ जानेवारी १९६७ रोजीं लोकांनीं फूल व दोन पानें या निशाण्यांवर मतें दिलीं. विलीनीकरणास १,३८,१७० आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यास १,७२,१९१ मतें पडलीं, अंतर ३४,०२१.

हा केवळ ख्रिस्ती लोकांचा विजय, असें समजणें चूक होय. गोमंतकांत ख्रिस्ती लोक अल्पसंख्य. हिंदु बंधूंपैकीं अनेकांनीं दोन पानांस मत दिलें नसतें, तर असा कौल लागलाच नसता.

पुढील गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. मार्चांत निवडणूक होऊन कौलांत हरलेल्या पक्षासच पुन्हां १६ जागा मिळाल्या, व श्री. बांदोडकर पुनरपि मुख्यमंत्री झाले. जनतेनें एका प्रश्नावर ज्यांस नाकारिलें, त्यांच्याच हातीं दोन महिन्यांनीं कारभार सोंपविला. पुढें १९८७ सालीं कोंकणी राजभाषा ठरली, तेव्हां मराठीच्या वापरासही कायद्यांत जागा ठेवण्यांत आली.

बहुमत हातचें गेलें कीं मनुष्यास तो आपला अपमान वाटतो. आणि अल्पमत वाढून बहुमत झालें कीं काल स्वतःसाठीं मागितलेला धीर तें दुसऱ्यास देण्याचें विसरतें. आमच्या धर्मग्रामाच्या सभेंतही हेंच घडतें. म्हणून हात मोजून झाल्यावर, ज्यांचे हात खालीं राहिले, त्यांचेंही म्हणणें इतिवृत्तांत नमूद करावें. पुढील सभेंत तेंच आमच्या उपयोगीं पडावयाचें असेल.