सरंजामशाहीचा अस्त : जपान आणि आपला कोलाबा

सन १८६८ साली जपानात मेइजी सम्राटाच्या नावाने जी राज्यक्रांती झाली, तिची कथा आपल्याकडील सुशिक्षितांना मोठी प्रिय आहे. अडीचशेहून अधिक सरदारांच्या जहागिऱ्यांत वाटलेला तो देश एका पिढीच्या अवधीत आगगाड्या, शाळा, गिरण्या आणि आरमार यांनी सज्ज झाला, हे ऐकून मन थक्क होते. परंतु या कथेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. जहागिरी गेल्या, सामुराईंच्या तलवारी गेल्या. पण चिखलात उभे राहून भात लावणारा जो कुळवाडी होता, त्याचे काय झाले? खाडीकाठच्या खारजमिनीत ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्या आपल्या समाजाने तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

जुन्या जपानात सरदाराची प्रतिष्ठा भाताच्या मापावर मोजली जाई. जहागिरीचा आकार एकरांत नव्हे, तर तीत किती भात पिकते यावर ठरे, आणि सामुराईचा तनखाही त्याच मापात मिळे. १८७१ साली जहागिऱ्या खालसा झाल्या. १८७२ साली जमिनीच्या खरेदीविक्रीवरील बंदी उठली, आणि १८७३ साली नवा जमीनमहसूल आला : जमिनीच्या किमतीवर शेकडा ३, तोही धान्यात नव्हे, रोख. जमीन ज्याची म्हणून मान्य झाली, त्याला सरकारी दाखला मिळाला. हा बोजा इतका जड झाला की १८७६ साली शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी उठाव केले, आणि पुढील साली सरकारला तो दर अडीचवर आणणे भाग पडले.

येथवर सारे न्याय्य वाटते. परंतु तो दाखला मालकाला मिळाला, कुळाला नव्हे. मालक सरकारात ठराविक रोकड भरी आणि कुळाकडून मात्र पिकाचा निम्मा भाग धान्यातच घेई. भाताचा भाव चढला की नफा मालकाचा. पीक बुडाले की उपास कुळाचा. परिणाम असा झाला की विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जपानच्या लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे शेकडा ४६ जमीन कुळे कशीत होती. आगगाडी धावू लागून साठ वर्षे उलटली, तरी शेताच्या बांधावर जुने जगच चालू होते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मुरूडला जंजिऱ्याचे सिद्दी आणि अलिबागेस आंग्रे अशा दोन दर्यासत्ता या किनाऱ्यावर नांदल्या. १८१८ साली पेशवाई संपली आणि १८४० साली आंग्र्यांचे कोलाबा संस्थानही इंग्रजांनी खालसा केले. राज्यकर्ते बदलले, खोत मात्र राहिला. मूळचा खोत हा गावचा महसूल गोळा करून सरकारात भरण्याची हमी घेणारा मनुष्य. त्याचा हक्क पुढे वंशपरंपरागत झाला, आणि इंग्रजी अमदानीतील मोजणी, जमाबंदी व दस्तऐवज यांनी तो अधिकच पक्का केला. सरकारला ठराविक रोख मिळे. कुळाकडून भाताचा अर्धा हिस्सा जाई, आणि वर वेठ. जपानच्या मालकाचे आणि आपल्या खोताचे गणित किती जुळते, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

आमच्या भागात या अन्यायाला आणखी एक धार होती. खाडीकाठची खारी जमीन निसर्गाने दिलेली नव्हे. ती हातांनी घडवलेली आहे. चिखलाचे बांध घालावयाचे, उघाड्या राखावयाच्या, पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतील मीठ वर्षानुवर्षे धुऊन काढावयाचे, तेव्हा कोठे भाताचा कोंभ वर येतो. एका उधाणात बांधाला खांड पडली की सारे श्रम पाण्यात. ज्याने अशी भूमी समुद्राकडून मागून घेतली, त्यालाच दरसाल कबुलायत लिहून देऊन त्या भूमीवर परका म्हणून उभे राहावे लागे.

ही स्थिती मोडण्याचा निश्चय अलिबाग तालुक्यातील चरी येथे झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेथे भरलेल्या सभेत कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. चरीसह २५ गावे या संपात उतरली. नेतृत्व आपल्या समाजात जन्मलेल्या नारायण नागू पाटील यांचे होते. शेतकऱ्याने संप करावा म्हणजे काय करावे, याचा विचार वाचकांनी अवश्य करावा. गिरणीकामगार संप करतो तेव्हा धन्याचे यंत्र थांबते. शेतकरी संप करतो तेव्हा स्वतःच्याच घरातील चूल थांबते. अशा स्थितीत या गावांनी मोलमजुरी करून, लाकूडफाटा विकून, मासळी पकडून १९३९ पर्यंत, म्हणजे तब्बल सहा वर्षे, दिवस काढले. शेते ओसाड पडली, पण निर्धार मोडला नाही.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः चरीच्या शेतकऱ्यांत आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्या मोर्चात कुणबी, आगरी, महार असे सारे कसणारे एकत्र चालले, ही गोष्ट आपण विशेष आदराने स्मरली पाहिजे. ते विधेयक तेव्हा कायद्यात उतरले नाही. परंतु १९३९ च्या कूळकायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा प्रथमच आणली, १९४८ साली अधिक व्यापक कायदा झाला, १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणाऱ्यास मालक मानण्यात आले.

गंमत अशी की जपानच्या कुळाचीही सुटका याच सुमारास झाली. महायुद्धातील पराभवानंतर १९४६ च्या कायद्याने मालकाकडे कुळांच्या हाती असलेली सुमारे अडीच एकरच जमीन राहू दिली; उरलेली सरकारने विकत घेऊन कुळांना दिली. थोड्याच वर्षांत कुळांकडील जमीन शेकडा १० वर आली. म्हणजे १८६८ ची क्रांती कुळाच्या अंगणात पोहोचण्यास जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. तेथे ती विजेत्या परक्या सैन्याच्या दडपणाखाली आली. येथे ती उपाशी माणसांच्या हट्टाने आली. हा फरक लहान नाही.

या साऱ्यातून एकच धडा निघतो. आधुनिकता म्हणजे केवळ यंत्र आणि रेल्वे नव्हे. सरंजामशाही राजवाडा पडल्याने संपत नाही, झेंडा बदलल्यानेही संपत नाही. कागदावर कसणाऱ्याचे नाव लागते, त्या दिवशी ती संपते. नवे राज्य ज्याचे नाव कागदावर पाहते, त्याचेच बळ वाढवते. म्हणून प्रश्न नेहमी हाच, की नाव कोणाचे?

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सातबारावर नाव लागून एक पिढीही पुरती उलटली नव्हती, तोच नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी संपादन होऊ लागल्या. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्यांच्या वडिलांच्या पिढीने जमिनीवर नाव लागावे म्हणून झुंज दिली होती. यांना त्या नावाचे योग्य मोल मिळावे म्हणून द्यावी लागली. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा हे त्या रक्ताचे फळ होय.

१ जानेवारी १९८१ पासून कोलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्याचे नाव बदलते, गावांची रूपे बदलतात, खारीच्या जागी गोदामे आणि बंगले उभे राहतात. या बदलाला विरोध करावा, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की, जी जमीन मिळवण्यास सहा वर्षांचा उपास लागला, ती एका दुपारच्या बैठकीत, सहीचा अर्थ न समजता जाऊ नये. घरोघरच्या पेटीत जुन्या कबुलायती, पावत्या, फेरफाराचे उतारे असतील; ते मुलामुलींना वाचून दाखवावेत. वारसनोंदीत बहिणीचे आणि सुनेचे नाव गाळू नये. खोताच्या वहीत आपले नाव नव्हते, हे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनी आपल्याच घरात कोणाला बिननावाचे ठेवणे शोभत नाही.

चरीच्या त्या सभेत बसलेल्या माणसांपैकी बहुतेकांस स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. आपणांस ती येते. ती कोठे करावी आणि कोठे करू नये, एवढे जाणले तरी त्यांचे ऋण काही अंशी फिटेल.