सेकंडहँड मिररलेस कॅमेरा : तपासणी, मांडणी आणि लेन्सची निवड

लेन्स बदलता येणारा, पण आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा म्हणजे मिररलेस. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वरच्या व्ह्यूफाइंडरकडे वळतो. मिररलेसमध्ये तो थेट सेन्सरवर पडतो आणि चित्र छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दिसते. फोटो काळा येणार की पांढरा फटक, हे त्यामुळे बटण दाबण्याआधीच कळते. पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स जी१ पासून (२००८) हा प्रकार सुरू झाल्याचे मानले जाते. सोनीचे नेक्स कॅमेरे २०१० मध्ये आले, फुल फ्रेम सेन्सरचा अल्फा ७ २०१३ मध्ये. कॅनन आणि निकॉन यांनी फुल फ्रेम मिररलेस २०१८ मध्ये आणले. आज जुन्या बाजारात फिरणारा माल बहुतेक या काळातला आहे.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अशा कॅमेऱ्याचे काम ठरलेले असते : लग्न, साखरपुडा, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, हरिनाम सप्ताहातले कीर्तन आणि रोजचे पासपोर्ट फोटो. कोणता कॅमेरा घ्यायचा हे या कामांनीच ठरवावे, जाहिरातीतल्या मेगापिक्सेलने नव्हे. कीर्तनाचेच घ्या. ते दोन तास चालते. पण सोनी अल्फा ६००० (२०१४) किंवा अल्फा ७ मार्क ३ (२०१८) यांचे व्हिडिओ रेकॉर्डिंग साधारण २९ मिनिटांनी आपोआप थांबते, आणि बुवा ऐन रंगात असताना कॅमेरा गप्प झालेला असतो. अल्फा ६४०० मध्ये (२०१९) ही मर्यादा नाही. अल्फा ६००० ला बाहेरचा माइक जोडायचे साधे छिद्रही नाही. फोटोसाठी मात्र तो आजही उत्तम आहे.

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने कार्डाचे खाचे मोजावेत. अल्फा ७ मार्क ३ मध्ये दोन आहेत. अल्फा ६०००, कॅनन ईओएस आर आणि आरपी यांत एकच. निकॉनच्या पहिल्या झेड ६ आणि झेड ७ मध्येही एकच खाचा, आणि तोही एक्सक्यूडी कार्डाचा. असे कार्ड ऐन लग्नात दगा देऊन गेले, तर तालुक्याच्या मोबाइल दुकानात दुसरे मिळत नाही.

तपासणी. सौदा दिवसाउजेडी करावा. लेन्स लावून ॲपर्चर एफ १६ वर न्यावे आणि मोकळ्या आकाशाचा फोटो घेऊन तो पडद्यावर मोठा करून पाहावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. ठिपके साफ होतात, ओरखडा होत नाही. मग झाकण लावून काही सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे. बिघडलेले पिक्सेल रंगीत टिंबांसारखे चमकतात. लेन्सच्या एका टोकातून मोबाइलची बॅटरी मारून दुसऱ्या टोकातून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. शटर किती वेळा पडले याच्या आकड्याला बाजारात अवास्तव भाव येतो. अल्फा ७ मार्क ३ चे शटर दोन लाख वेळांसाठी तपासलेले आहे. त्यापुढे पन्नास हजार आणि सत्तर हजार यांतला फरक किरकोळ. सैल माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) आणि लटपटणारा चार्जिंग पोर्ट जास्त महागात पडतात.

मेनू फक्त जपानीत असेल तर सोनीची ती बॉडी जपानच्या देशांतर्गत बाजारातली आहे आणि तिची भाषा बदलता येत नाही. बाहेरून आलेल्या मालाला भारतातली वॉरंटीही सहसा लागू नसते. बिलावरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या अनुक्रमांकाशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मांडणी. आधी सगळी सेटिंग्ज रीसेट करावीत. जुन्या मालकाच्या सवयी मेनूत लपलेल्या असतात. तारीख-वेळ भारताची लावावी, नाहीतर दोन कॅमेऱ्यांचे फोटो अल्बमसाठी क्रमाने लागत नाहीत. व्हिडिओ पद्धत एनटीएससी असेल तर पाल करावी. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. व्हिडिओ २५ फ्रेमचा आणि शटर १/५० ठेवले की लुकलुक दिसत नाही. स्टेजवरच्या रंगीत एलईडींचा वेग वेगळा असतो. तिथे सायलेंट शटर बंद करावे आणि फोटोतले आडवे पट्टे जाईपर्यंत वेग खाली आणावा. जास्तीच्या बॅटऱ्या हव्यातच. अल्फा ६००० एका बॅटरीत कंपनीच्या मोजणीनुसार सुमारे ३६० फोटो काढतो. हळदीपासून वरातीपर्यंत ते कुठे पुरणार!

हळदीचा प्रश्न या भागात खासच. हिंगोली जिल्हा हळदीचा, आणि हळदीच्या कार्यक्रमात आता ती उधळलीही जाते. त्या गर्दीत लेन्स बदलू नये. पुढे साधा फिल्टर लावावा. कपडे, मंडप, चेहरे सगळेच पिवळे असले की ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो आणि रंग निळसर करून पिवळ्याचा तजेला मारतो. पांढऱ्या रुमालावर व्हाइट बॅलन्स आधीच बांधून घेतला की नवरीची हळद हळदीसारखी दिसते.

लेन्स. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स राहते. म्हणून आधी माउंट ठरवावा. स्टुडिओत कॅननच्या डीएसएलआरच्या लेन्स पडून असतील, तर ईओएस आरपी (२०१९) आणि अडॅप्टर हा स्वस्त मार्ग. माउंटपासून सेन्सरचे अंतर कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी, तर मिररलेसच्या आरएफमध्ये २० मिमी; मधल्या जागेत अडॅप्टर बसतो आणि जुनी लेन्स ऑटोफोकससह चालते. उलट जमत नाही. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर मात्र जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो, कारण त्या लेन्समध्ये मोटर नसते. हातात काहीच नसेल तर सोनीचा ई माउंट घ्यावा. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या जुन्या लेन्स त्यात भरपूर मिळतात.

फुल फ्रेमपेक्षा लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर लेन्सचा आकडा दीडपट धरावा (कॅननमध्ये १.६ पट). किट लेन्स १६-५० मिमी दिवसा पुरते. गोरज मुहूर्ताला मंगलाष्टका सुरू होईपर्यंत उजेड मावळतो आणि तिचे एफ ३.५-५.६ उघडे पडते. पहिली वेगळी खरेदी सिग्मा ३० मिमी एफ १.४ ची असावी : कोन ४५ मिमीसारखा, अरुंद खोलीतही चालणारा. नवरा-नवरीच्या एकट्या फोटोंसाठी ५६ मिमी एफ १.४ सुंदर, पण मंडपातल्या गर्दीत मागे सरकायला जागा लागते. एकच लेन्स परवडत असेल तर सिग्मा १८-५० मिमी एफ २.८ (२०२१). फुल फ्रेमवर तीच जागा टॅमरॉन २८-७५ मिमी एफ २.८ घेते. शेजारच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणावर पक्षी टिपण्याची हौस असेल तर ५५-२१० मिमीने सुरुवात करता येते. हौसेला तेवढी बस्स.

कॅनन एम५० (२०१८) स्वस्तात दिसतो आणि फोटोही चांगले देतो. पण त्याचा ईएफ-एम माउंट कंपनीने बंद केला असून त्याच्या लेन्स नव्या आरएफ बॉडीवर लागत नाहीत. धंदा वाढवायचा असेल त्याने तो घेऊ नये. घरच्या फोटोंसाठी २२ मिमी एफ २ लेन्ससह खुशाल घ्यावा.