श्रीशैलची आख्यायिका आणि जिंजीचा वेढा

१) नल्लमल्ल पर्वतराजीत, कृष्णेच्या दरीवर श्रीशैल वसले आहे. मल्लिकार्जुनाचे ज्योतिर्लिंग आणि भ्रमरांबेचे शक्तिपीठ येथे एकाच प्राकारात आहेत. खाली वाहणाऱ्या कृष्णेला यात्रेकरू पाताळगंगा म्हणतात. मंदिराचे उत्तरेकडील गोपूर आजही शिवछत्रपतींच्या नावाने ओळखले जाते.

२) इ. स. १६७७. भागानगरास कुतुबशहाशी करार करून महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर निघाले. वाटेत फौजेस मागे ठेवून, मोजक्या लोकांनिशी ते या अरण्यातील क्षेत्री आले.

३) सभासद बखर सांगते की, हे स्थान महाराजांना कैलासच भासले आणि येथेच देह ठेवावा, असे त्यांच्या मनाने घेतले. तोच श्रीभवानी अंगी संचारली आणि तुझे कार्य अद्याप उरले आहे, असे सांगून तिने त्यांना परावृत्त केले.

४) हा प्रसंग जसाच्या तसा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. बखर सुमारे वीस वर्षांनंतरची, १६९७ ची. परंतु ती लिहिली गेली कोठे? जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून.

५) श्रीशैलहून पुढे जाऊन महाराजांनी जिंजी जिंकली. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा याच किल्ल्याने मराठी राज्यास आसरा दिला. १६९० पासून मोगलांचा वेढा त्याच्याभोवती होता.

६) तेव्हा उरलेले कार्य कोणते, हे बखरीच्या पहिल्या श्रोत्यांना निराळे सांगण्याची गरज नव्हती. त्या कार्यामुळेच ते अद्याप तग धरून होते.